हिरावहिनीचा चिखलातला फटका

आज सकाळी आमची हिरावहिनी गेली. जन्मात एकदाच गोल्फ खेळली, एकच होल, आणि तो जिंकली.

ब्याण्णव वर्षांची होती. भरल्या घरातून गेली, रडायचं काही कारण नाही. तरी डोळे ऐकत नाहीत. म्हटलं, रडण्यापेक्षा तिचा पराक्रम सांगावा.

साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची गोष्ट. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता.

चौलच्या बाजूला, खाडीला लागून, सहा होलचं छोटं गोल्फचं मैदान होतं. गोरे साहेब गेले, मुंबईचे आपले साहेब आले. नियम मात्र तेच राहिले.

मी तिथं कॅडी. विशीतला गडी. साहेबांच्या स्टिकांची पिशवी खांद्याला.

शिक्षण चौथी. इंग्रजी शिकलो ते क्लबानं टाकून दिलेल्या नियमांच्या पुस्तकावरून, मास्तरांची डिक्शनरी मागून आणून.

त्या पुस्तकानं माझा जो छळ केला, तो खाष्ट सासूनंही सुनेचा केला नसेल.

गवतात बॉलशेजारी पान पडलं असेल तर खुशाल उचला. तेच पान वाळूच्या खड्ड्यात किंवा खाडीच्या हद्दीत असेल तर हात लावला की दंड.

परवा नातू म्हणाला, "आजोबा, तो रूल आता सैल केलाय." म्हटलं, बरी जाग आली.

तर एके दिवशी नवीन सेक्रेटरीसाहेबांनी मैदानाच्या तोंडाशी बोर्ड लावला. आत फक्त खेळाडू. बाकी कुणी पाऊल टाकायचं नाही.

आता आमच्या बायका ओहोटीला कालवं काढायला खाडीत जायच्या, त्या त्याच मैदानातून. ती वाट बंद झाली तर बांधावरून लांबचा वळसा. खाडीत पोचेपर्यंत भरती लागणार, पाटी रिकामी, आणि घरी चुलीवर नुसता भात.

हिरावहिनी सरळ सेक्रेटरीसाहेबांपुढं जाऊन उभी राहिली. मी मागं.

"साहेब, आमची वाट आजेसासूच्या येलची हाय."

"बाई, नियम म्हणजे नियम. जो खेळतो तोच आत येतो."

"मंग मी खेलते."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा किडा. म्हणाले, "खाडीवरचा एक होल खेळू. मला हरवलंस तर वाट सगळ्यांना मोकळी. हरलीस तर पुन्हा तक्रार नाही."

"चालंल."

वाटेत म्हटलं, "वहिनी, तू कधी स्टिक धरलीयस?"

"कोयता धरलाय ना? भावजी, तुमी फकस्त नियम सांगा. हात माझा हाय."

महिनाभर ती भात कापलेल्या शेतात माझ्या जुन्या लोखंडी स्टिकनं बॉल बडवत होती. भाऊ म्हणायचा, "हिला भूत लागलंय." पण बॉल सरळ जायला लागले होते.

ठरलेल्या दिवशी ओहोटी होती. बांधावर सगळ्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या. एक ओरडली, "हिरे, पदर खोच आधी!"

साहेबांचा पहिला फटका झकास. वहिनीचा त्यांच्या निम्मा.

दुसऱ्या फटक्याला वाऱ्यानं दगा दिला. साहेबांचा बॉल खाडीत. वहिनीचाही खाडीत. दोन्ही चिखलावर, हातभर अंतरानं, लख्ख दिसत होते.

साहेबांनी नवीन बॉल काढला. वहिनी म्हणाली, "साहेब, तुमचा बॉल तो काय तिथं हाय."

"चिखलात कोण उतरणार? एक फटका दंड घ्यायचा आणि बाहेरून मारायचं." पायांत पांढरेशुभ्र बूट होते त्यांच्या.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. "भावजी, दंड घ्यायलाच लागतो?"

"न्हाय. आहे तिथून मारता येतो. पण फटक्याआधी स्टिक चिखलाला टेकायची नाही."

वहिनी चिखलात उतरली. आम्ही पोटरीभर रुततो तिथं ती पाटावरून चालल्यासारखी गेली.

बॉलशेजारी एक भलंमोठं कालव होतं. जन्माची सवय, तिचा हात खाली गेला.

"वहिनी, हात लावू नको!" मी बोंबललो. "दंड पडेल!"

हात वीतभर वर थांबला.

"एवढं मोठं कालव सोडायचं?"

"सोड."

तिनं स्टिक हवेतच धरली, कंबर वळवली, आणि हाणली. चिखल तिच्या तोंडावर, बॉल गवतावर.

मग वळून विचारलं, "आता उचलू का?"

"आता उचल." कालव ओच्यात गेलं.

बाकीचे साहेब कुरकुरले, चिखलातून मारलेलं चालत नाही म्हणाले. सेक्रेटरीसाहेबांनी स्वतः पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं. म्हणाले, "फटका बरोबर आहे. मी पंधरा वर्षं खेळतोय, एकदाही उतरलो नाही."

शेवटी दंड धरून साहेबांचे सहा फटके झाले. वहिनीचे पाच. गोल्फात ज्याचे फटके कमी, तो जिंकला.

बांधावर पाट्या वाजायला लागल्या. आमचा भाऊ, जो भूत लागलं म्हणायचा, तो सगळ्यांना सांगत सुटला, "माझी बायको हाय ती."

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका त्या हिरव्या गवतावरून ताठ मानेनं खाडीत उतरल्या. सेक्रेटरीसाहेब खेळ थांबवून बाजूला उभे राहिले.

लोक विचारतात, गोल्फचे नियम फार कडक आहेत का? आहेत. किचकट आहेत का? भयंकर. पण त्या दिवशी ते साहेबाला जेवढे कडक होते तेवढेच वहिनीला. तेवढंच तिला हवं होतं.

पुन्हा कधी तिनं स्टिक धरली नाही. "वाट मिलाली ना? मंग?" म्हणायची.

पुढं क्लब मोडला, मैदानावर बंगले आले. पण वाटेला कुणी कुंपण घातलं नाही. दुपारी आम्ही तिला त्याच वाटेनं नेलं.

जा वहिनी. वाट मोकळी आहे.

तुझ्या धाकट्या दिराचा नमस्कार घे.