रेवदंड्याच्या खाडीत दापोडीची कल्हई

रेवदंड्याला कसं जायचं, असं कुणी विचारलं की मी पहिलं सांगतो, घाटातून जा आणि खिडकी पकडा. मी पहिल्यांदा गेलो ते पन्नासच्या दशकात, चहा एक आण्याला मिळायचा तेव्हा. दापोडीला माझं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं आणि शेजारीच कादरचाचांची कल्हईची भट्टी.

रेवदंड्याच्या एका लाँचमालकाने पाहुण्यांच्या केबिनला घराच्या खिडकीत बसवतात ते थंड हवेचं यंत्र लावलं होतं. खाऱ्या वाऱ्याने दोन यंत्रांच्या मागच्या जाळ्या खाल्ल्या. हात लावला की पांढरा भुगा! मी मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करायचो, म्हणून तिसरं यंत्र माझ्याकडे आलं. मी तांब्याची जाळी बनवली आणि चाचांना विचारलं, काही करता येईल का?

"कल्हईबिगर पातेल्यात ताक कळकतं, मग दर्यात तांबं टिकंल व्हय?" चाचा म्हणाले. "आण, कथील चढवू."

कल्हई झाल्यावर त्यांनी जाळी पवना नदीच्या पाण्यात सात वेळा धुवायला सांगितली. कल्हईत वापरलेला नवसागर राहिला तर तोच तांबं खातो म्हणे. पाच वेळा धुऊन मी वैतागलो. उरलेल्या दोन खेपा गाळल्या आणि चाचांना 'झालं' म्हणून सांगितलं.

यंत्र लाँचवर परत बसलं. पावसाळा सरला आणि मालकाचं पत्र आलं, येऊन यंत्र उघडा. बाजारात ॲल्युमिनियमची भांडी आल्यापासून चाचांचं गिऱ्हाईक आटलं होतं. "जाळी सडली आसंल तर भट्टी इझवतो," ते गाडीत बसताना म्हणाले. मला गाळलेल्या दोन खेपा आठवल्या.

लोणावळ्यापर्यंत आगगाडी, पुढे एसटीने खोपोली, पेण, अलिबाग करत रेवदंडा. डबा घरचाच घ्या. बस लागत असेल तर घाट उतरेपर्यंत खाऊ नका. मी खाल्लं आणि भोगलं. चाचा मांडीवरची पिशवी सोडेनात.

"सोनं हाय का काय, चाचा?" कंडक्टरने चिडवलं.

"कथील हाय. खाडीवर सोन्याला कोण इचारतंय?"

रेवदंड्याला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण समोर आलं, पण मी ताट बाजूला सारलं. लाँचवर मालकाचा मुंबईचा इंजिनियर उभा होता. "घरातलं यंत्र समुद्रावर टिकत नसतं, काका. उगाच दमलात," तो म्हणाला.

पत्र्याचे स्क्रू गंजून मोडले. कसंबसं झाकण काढलं आणि आत जाळी लखलखीत! इंजिनियर वाकून बघतच राहिला.

"कुठल्या कंपनीचं काम हे?"

"कंपनी न्हाई, दापोडी," चाचा म्हणाले. छाती अशी फुलली माझी, की काय सांगू!

तेवढ्यात त्यांचं बोट एका कोपऱ्यावर थांबलं. वाटाण्याएवढा हिरवा डाग होता.

"भावा, कितव्या खेपेला दमलास?"

"पाचव्या," मी मान खाली घालून म्हणालो.

त्यांनी तिथेच शेगडी पेटवून डागावर कथील चढवलं आणि जाळी माझ्या हातात दिली. मी विहिरीच्या गोड्या पाण्याने सातही वेळा धुतली. मोठ्याने मोजत.

आता तुम्ही जाल ते समुद्रासाठी, माशांसाठी. जरूर जा. मला त्या फेरीतलं आठवतं ते परतल्यावरचं. चाचांनी भट्टीत कोळसा भरला आणि दारावर नवी पाटी लावली: 'भांड्यांना व लाँचला कल्हई करून मिळेल.' दापोडीला लाँच कुठून यायची, म्हणून सगळी आळी हसली. पण भट्टी विझली नाही, आणि चाचा असेपर्यंत ती पाटी दर दिवाळीला मी स्वतः रंगवली.