आपोआप उठणारा पहारेकरी

माझी वहिनी संशय घेण्याचा पगार घेते. हे वाक्य माझं, आणि पाहुण्यांसमोर ते मी इतक्यांदा म्हटलंय की आता आईच ते माझ्याआधी पूर्ण करते. पण त्यात खोटं काही नाही. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याच्या शेजारी, बिनखिडकीच्या खोलीत ती बसते. मशीनं तापू नयेत म्हणून खोली एवढी गार ठेवलेली असते, की भर उन्हाळ्यात तिच्या खुर्चीच्या पाठीवर स्वेटर असतो. इस्पितळातले कॉम्प्युटर दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेचे फोटो, कुणाला कुठलं औषध किती द्यायचं ते. त्या बोलण्यात कुणी परका घुसलाय का, यावर एक सॉफ्टवेअर पाळत ठेवतं, आणि त्या सॉफ्टवेअरवर वहिनी.

"म्हणजे तू पहारेकऱ्याची पहारेकरी," मी म्हणायचो. "आणि तुझ्यावर पाळत कुणाची?"

"सासूबाई आहेत ना," ती शांतपणे म्हणायची, आणि आई आतून भांडं आपटायची.

तिचा स्वभावच तसा. आईनं गॅस बंद केला की पाठोपाठ ही जाऊन बटण चाचपणार. कुलूप लावून जिना उतरली की परत वर जाऊन ते ओढून बघणार. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिला 'फौजदार' म्हणतो. तो आणि मी सुतारकाम करतो, घरामागच्या शेडमध्ये आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन टेबलं, एक गोल करवत आणि गुडघाभर भुसा. मी फळ्या कापतो, ठोकतो, गिऱ्हाइकांशी भांडतो. बारीक काम सगळं दादाचं. त्यानं बसवलेल्या खणाचा सांधा बोट फिरवूनही सापडत नाही. आमचं हातावर पोट, आणि खरं सांगायचं तर ते त्याच्या हातावर.

पुढचं कळायला वहिनीच्या त्या सॉफ्टवेअरची एक खोड सांगायला हवी. तिनं मला समजावलं ते असं. पहारेकऱ्याला येणारा प्रत्येक संदेश डब्यासारखा उघडून बघावा लागतो, त्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं? पण उघडतो तोच, त्यामुळे डब्यात काही वाईट असलं तर पहिला फटका त्यालाच. कुणी डब्यावर लिहायचं 'एक लिटर' आणि आत भरायचे पाच. हा बिचारा वरचं वाचून एक लिटरचं भांडं घेतो, ओततो, सगळं उतू जातं आणि हा घसरून पडतो.

"बावळटच आहे," मी म्हटलं.

"बावळट नाही. वर लिहिलंय ते खरं मानतो, एवढंच."

तर हा पहारेकरी अधूनमधून पडायचा. पडला की आधी मोठी घंटा वाजायची आणि सगळी ये-जा थांबायची. वर वॉर्डात रिपोर्ट अडकायचे, डॉक्टर फोनवरून वहिनीच्या साहेबांना झाडायचे आणि साहेब वहिनीला. शेवटी साहेब म्हणाले, पडला तर त्याचा तो उठू दे, आवाज नको, आणि तो उठेपर्यंत दार उघडंच राहू दे. वहिनीनं तशी व्यवस्था करून दिली. बुडाशी जड असलेली बाहुली असते ना, कितीही आडवी पाडा, डुलत उठून बसते? त्या व्यवस्थेला खोलीतले सगळे 'बाहुली' म्हणू लागले. घंटा बंद झाली, फोन बंद झाले, साहेब खूश. कुणी विचारलंच तर एकच प्रश्न असायचा: उठला का? उठला. मग झालं. संशयाचा पगार घेणाऱ्या बाईनंही त्यापुढे विचारलं नाही. आपल्या हातच्या गोष्टीवर संशय घ्यायला माणूस सहसा विसरतो.

दादाचा हात कापला तो अगदी साध्या कामात. करवतीत अडकलेली लाकडाची ढलपी काढायला त्यानं हात घातला, आणि पातं अजून थांबलेलं नव्हतं. उजव्या हाताची मधली तीन बोटं मुळाशी चिरली गेली. मी त्याला टॉवेलात गुंडाळून वहिनीच्याच इस्पितळात नेलं. बोटं जाग्यावर होती, पण ती वाकवणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या होत्या. हाताचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेरगावाहून ठरावीक वारीच यायच्या, आणि नशिबानं दुसऱ्या दिवशी येणार होत्या. फोटो बघून त्या फोनवर म्हणाल्या, उद्या दुपारी शिवू. लवकर शिवलं तर बोटं पहिल्यासारखी होतील. उशीर झाला तर दोऱ्या आत ओढल्या जातात, मग काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा वॉर्डात उपाशीपोटी पडून, मी स्टुलावर, आणि वहिनी येरझाऱ्या घालत होती. दादाच म्हणाला, "फौजदार, तू तुझ्या चौकीवर जा. तू फिरतेस आणि मला चक्कर येते."

ती खाली गेली. पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून त्या दिवशी एक सूचना आली होती. अमुक जातीचा संदेश वाचणाऱ्या भागात खोट सापडली आहे, मुद्दाम तसा संदेश पाठवून कुणीही पहारेकऱ्याला पाडू शकतो, इतकंच नाही, पाडता पाडता त्याच्या डोक्यात आपलं म्हणणं घालू शकतो. ताबडतोब नवी आवृत्ती बसवा. वहिनीनं ती सूचना वाचली आणि पहिल्यांदाच बघितलं, आपला पहारेकरी किती वेळा पडलाय आणि कशानं.

तो सारखा पडत होता. कित्येक आठवडे. दर वेळी एकाच जातीच्या संदेशानं, आणि दर वेळी बाहुलीसारखा मुकाट उठत होता. आणि अलीकडे उठल्यावर तो आपलं काम करता करता आणखीही काही करत होता. वॉर्डावॉर्डातल्या मशीनची दारं एकेक करून ढकलून बघत होता. त्याला सगळीकडे बघायची मुभा, त्यामुळे त्याला अडवणार कोण? कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हे. वहिनी म्हणाली, त्या गार खोलीत तिला दरदरून घाम फुटला.

ती धावत साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, नवी आवृत्ती सुट्टीच्या दिवशी बसवू.

"त्यानं दाराला नवी कडी बसेल, साहेब. आत शिरलाय तो कसा जाईल? सगळ्या मशीनचं एकमेकांशी बोलणं तोडावं लागेल. आत्ता."

"आत्ता तोडलं तर ऑपरेशन थिएटरं बंद पडतील. डॉक्टर मला कच्चा खातील. आणि तुझा नवराच आहे ना आजच्या यादीत? मग तुलाच कसली घाई?"

मला वाटतं, त्या माणसानं हे समजूत घालायला म्हटलं असेल. ती तिथून निघाली आणि वर आली. तेव्हा मी तिथेच होतो. तिनं दादाची चादर सारखी केली. पट्टीतून बाहेर आलेल्या त्याच्या बोटांच्या टोकांवर हात ठेवून उभी राहिली.

"दुखतंय का?"

"नाही गं. भूक लागलीय तेवढी."

ती काहीतरी बोलणार असं मला वाटलं. पण ती वळली आणि जिना उतरून गेली. थोड्या वेळात वॉर्डातला कॉम्प्युटर काळा झाला, मग परिचारिकेच्या टेबलावरचा, मग सगळेच. बाहेर पळापळ सुरू झाली. परिचारिका येऊन म्हणाली, "तांत्रिक अडचण आहे. जिवावरचं असेल तेवढंच आज करणार. तुमचं पुढे गेलं."

"बोटंच तर आहेत," दादा हसून म्हणाला. त्याला वाटलं, पुढे म्हणजे संध्याकाळी.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी परत गेल्या. आम्ही दादाला दुसऱ्या इस्पितळात नेलं, तर ते म्हणाले, आधीचे फोटो आणि कागद आणा. फोटो त्या काळ्या पडलेल्या कॉम्प्युटरांत. दुष्काळात तेरावा महिना. या दारातून त्या दारात करता करता डॉक्टरीणबाईंचीच पुढची फेरी आली आणि त्यांनीच शिवलं, पण तोवर दोऱ्या आखडल्या होत्या. दादाची तीन बोटं आता अर्ध्यावर येऊन थांबतात. लाकूड तासायची पटाशी धरता येत नाही. शर्टाचं बटण लागत नाही.

घरी आल्यानंतरची गोष्ट. दुपारी जेवायला बसलो होतो. दादा डाव्या हातानं चमच्यानं जेवत होता, निम्मं ताटाबाहेर सांडत होतं. आईला ते बघवेना. ती म्हणाली, "ज्या मेल्यामुळं त्या दिवशी ते कॉम्प्युटर बंद पडले, त्याचे हात झडोत."

वहिनी पाणी वाढत होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

"आई, ते हात माझे आहेत."

कुणालाच काही उमगेना. मग तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं, पहारेकरी, बाहुली, साहेब, सगळं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भडक डोक्याचा माणूस. मी म्हटलं, "साप साप म्हणून भुई धोपटलीस तू! चोरी कुठं झाली? काय गेलं इस्पितळाचं? गेलं ते आमचं गेलं!" आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. दादा मात्र ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

खोटं बोलायची दादाला सवय नाही. "थांब म्हटलं असतं," तो म्हणाला. "माझं होऊ दे, मग तोड, म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

दादा ताटावरून उठला. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा, आणि घरात काम तरी किती असतं? फौजदार ही हाक बंदच झाली.

तपास करणारे आले, गेले. आत कुणीतरी होताच, हे नक्की झालं. अतिदक्षता विभागात औषधांचे थेंब मोजून सोडणारी मशीनं असतात, त्यांच्या उंबरठ्यापर्यंत तो पोचला होता. पुढे त्यानं काय केलं असतं, ते कुणालाच सांगता येईना. कदाचित सगळं कुलूपबंद करून खंडणी मागितली असती, कदाचित त्याहून वाईट, कदाचित काहीच नाही. न झालेल्या चोरीचा पंचनामा कसा करायचा? साहेबांनी मोठ्या बैठकीत 'आम्ही वेळीच निर्णय घेतला' असं सांगितलं आणि बाहुलीचा विषय निघूच दिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वहिनीनं बाहुली मात्र स्वतःच्या हातानं काढून टाकली. आता पहारेकरी पडला की पडलेलाच राहतो, दार बंद होतं आणि तिच्या फोनवर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज होतो. कुणी कितीही ओरडो.

तिच्यावर माझा राग कधी उतरला ते मला सांगता येणार नाही. पुरता उतरलाय असंही नाही. दादाचं बारीक काम मी करायला लागलो आणि माझे सांधे आंधळ्यालाही बोटाला लागतात, तेव्हा तो राग वर येतो. पण अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर बाकावर बसलेली माणसं आम्ही त्या दिवशी पाहिली होती, तीही आठवतात. मग कुणावर रागवावं कळत नाही आणि मी गिऱ्हाइकावर रागावतो.

सुट्टीच्या दिवशी वहिनी कारखान्यात यायला लागली, न बोलावता. फळी धर, सरस ढवळ, भुसा झाड, जे दिसेल ते. दादा तिला नको म्हणाला नाही, ये पण म्हणाला नाही. परवा आम्ही एका खिडकीची चौकट जोडत होतो. सरस लावलेला, मी चौकट आवळून धरायचा शिकंजा आणायला पलीकडे गेलेलो, आणि वहिनीनं दोन्ही हातांनी चौकट दाबून धरलेली. तेवढ्यात टेबलावरच्या फोनची शिट्टी झाली. ती हलू शकेना. सोडली तर सांधा उघडणार.

दादानं फोन उचलायला उजवा हात घातला. बोटं अर्ध्यावर थांबली, फोन निसटला आणि भुशात पडला. वहिनीनं डोळे मिटून घेतले.

दादा वाकला. डाव्या हातानं फोन उचलला, शर्टाला पुसला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"तुझा पहारेकरी?"

"हो. पडलाय."

इतक्या दिवसांत हा आवाज कुणीही ऐकला, साहेबांपासून माझ्यापर्यंत, की प्रत्येकानं एकच विचारलेलं: उठला का?

"का पडला?" दादानं विचारलं.

वहिनीचे डोळे भरले आणि हात गुंतलेले, त्यामुळे पुसायचीही सोय नाही.

"जा, बघ जा, फौजदार," तो म्हणाला, आणि न वळणारी बोटं तशीच सरळ ठेवून त्यानं आपला पालथा हात चौकटीवर दाबला. "हे मी धरतो. एवढं येतं मला."