राजा गेला

आता कुठून सुरुवात करू? फोनवर एक शब्द तोंडातून गेला आणि तो निस्तरता निस्तरता मला परसात खड्डा खणावा लागला. हसू नका, आधी ऐकून घ्या.

मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र. तोही नाशिकलाच, राहतो पाथर्डी फाट्याला, मी इंदिरानगरला; मध्ये मोठा रस्ता. त्या रविवारी दिंडोरीला त्याच्या भाचीचा साखरपुडा होता. राजाला, म्हणजे त्यांच्या कुत्र्याला, दिवसभर सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. राजा तेरा वर्षांचा, मागच्या एका पायाने अधू. मिलिंदच्या वडिलांनी आणलेला. वडील मागच्या वर्षी वारले, तेव्हापासून मिलिंदच्या आईला, म्हणजे मावशींना, बोलायला तोच होता.

बाराच्या सुमारास आमच्याकडे गॅसचा सिलिंडर आला. तो आत घेतला, फाटक उघडंच राहिलं. वळून पाहतो तर राजा नाही.

तासभर शोधलं. गल्ल्या, बाग, मटणाचं दुकान, सगळं. शेवटी फोन लावला.

"मिलिंद, राजा गेला रे."

पलीकडे सनई वाजत होती.

"कधी?"

"झाला तासभर."

"त्रास झाला का त्याला?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो काय समजला ते. त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की अरे बाबा, तसं नाही, फाटकातून गेला, माझ्या चुकीने गेला. पण मला लाज वाटली. हरवला म्हटलं तर दोष माझा. वारला म्हटलं तर वयाचा.

"नाही," मी म्हणालो. "शांतपणे गेला."

हे तसं खोटं नव्हतं. गेला तेव्हा भुंकलासुद्धा नव्हता.

"मी निघतो. तोवर चादरीत ठेव त्याला."

"अरे, ऊन फार आहे. मी माती दिली."

फोन ठेवला तर दारात बायको उभी. "कोणाला माती दिली?"

तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "कुदळ जिन्याखाली आहे."

शेवग्याखाली खड्डा खणला आणि तीच माती पुन्हा आत लोटली. वर चार दगड ठेवले. आयुष्यात एवढं निरर्थक काम मी कंपनीतसुद्धा केलेलं नाही.

चारच्या सुमारास मायलेक आले. साखरपुड्याच्या साडीतच मावशी शेवग्याखाली बसल्या. मेणबत्ती लावली, हात जोडले. मग त्या ढिगाऱ्यावरून हळूच हात फिरवत म्हणाल्या, "लय जीव व्हता त्याचा ह्यांच्यावर. हे गेले तवा दोन दिवस जेवला नाय."

मिलिंद तोंड फिरवून उभा होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, पण त्याचं कारण मी कोणाला सांगणार?

जाताना मावशींनी माझे मातीने भरलेले हात हातात घेतले. "पोटच्या पोरावानी केलंस रे."

"मावशी, मला तुम्हाला काहीतरी..."

"काय नको बोलू. मला कळतंय."

त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो.

ते गेल्यावर मी ओट्यावर बसून राहिलो. बायकोने चहा आणून दिला, तोही घेतला नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी जायचं आणि पाय धरायचे, असं ठरवलं. चप्पल घालतोय तोच मिलिंदचा फोन.

"राजा आमच्या दारात बसलाय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

अधू पायाने, तो मोठा रस्ता ओलांडून, म्हातारा आपल्या घरी गेला होता. मी नाशिकभर शोधलं, फक्त त्याच्या घरी पाहिलं नाही.

मी सगळं कबूल केलं. फाटक, लाज, खड्डा, सगळं. तो ऐकत राहिला. मग फोन मावशींनी घेतला. मागे राजाचं भुंकणं ऐकू येत होतं.

"म्हंजी तिथं खाली कोणीच नाय?"

"कोणीच नाही, मावशी."



"मग आता तू जा आन् त्या मेणबत्तीपुढं बस," त्या म्हणाल्या. "तुझी लाज तिथंच पुरलीय ना?"