धोंड्यातली ड्रिल मशीन

अधिक ज्येष्ठातला पहिला शुक्रवार. रक्कम साडेसहाशे रुपये. हजर मी, बायको आणि वाशीमकडच्या मालेगावच्या बसस्टँडजवळचा दुरुस्तीवाला. मधे आमची जळकी ड्रिल मशीन.

“मोटरचं आर्मेचर गेलं,” तो म्हणाला. “साडेसहाशेत करून देतो. पार्ट अकोल्याहून सोमवारी येईन. नाहीतर नवी घ्या, अठराशे.”

हिशेबाने दुरुस्तीच परवडत होती. पण ही मशीन मागच्या धोंड्याच्या महिन्यात, तीन वर्षांपूर्वी, शिरपूरच्या सासऱ्यांनी मला वाण म्हणून दिलेली. आता रविवारी पुन्हा धोंडे खायला त्यांच्याकडे जायचं होतं, आणि फोन येऊन गेला होता, “जवाईबापू, येतानी मशीन आणा. दाराले कडी बसवाची हाय.”

“जळाली म्हणून बाबाले सांगू नका,” बायको म्हणाली. “आयकलं की नवी आणून ठेवतीन. आताच डोयाच्या ऑपरेशनात पेन्शन गेली त्यायची.”

“मंग कडी कशानं बसवू? दातानं?”

“तशीच दुसरी घ्या. त्यायले काय समजते.”

जुनी दुरुस्तीला टाकली आणि बाजूच्या दुकानातून अठराशे मोजून तशीच दुसरी घेतली. एका कडीच्या भोकांचा एवढा भाव मी कधी ऐकला नव्हता.

रविवारी सासऱ्यांनी मशीन उलटीपालटी करून पाहिली. डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालं होतं.

“तीन वर्षांत एक ओरखडा नाही. वापरलीच नाही काय, जवाईबापू?”

बायकोने माझ्या पायावर पाय दिला. भाजीवालीचे जास्तीचे दोन रुपये परत करणारा मी म्हणालो, “काम पडलं नाही.”

सासरे सासूबाईंकडे वळले. “ह्या माणसाले यंत्र देऊन फायदा नाही. लोकं जावयाले देतात तसं चांदीचं निरांजन देऊ. उद्या वाशीमले जातो.”

चांदीचा भाव बायकोला ठाऊक होता. तिने पाय उचलला. मी सगळं सांगून टाकलं.

सासऱ्यांनी मशीन खाली ठेवली. मग म्हणाले, “जळाली कशी?”

“बीमले भोक पाडत होतो. सळई लागली, तरी रेटली.”

“म्हणजे वापरली.” त्यांचा चेहरा खुलला. “बावयट हाय, पण वापरली. आता ही नवी वापस करा. जुनीची दुरुस्ती मी करतो, तेच यंदाचं वाण. कडीची घाई नाही, दार पळून नाही चाललं.”

“बाबा, तुमी कायले...” बायको म्हणाली.

“मंग निरांजन आणू?”

ती धोंडे वाढायला उठली.

मंगळवारी सासरे बसने मालेगावला आले. दुरुस्तीवाल्याने साडेसहाशेचे आता सातशे मागितले, त्यांनी घासाघीस करून सहाशे दिले. नवी मशीन परत घेताना दुकानदाराने शंभर कापले, ते माझे गेले.