भाकरीवाल्या बायकांचे टी-शर्ट

इंदापुरात माझं एम्ब्रॉयडरीचं छोटं दुकान आहे. डेअऱ्या, दवाखाने, हॉटेलं यांना कॉलरचे टी-शर्ट पुरवायचे आणि छातीवर मशीनने त्यांचं नाव भरून द्यायचं, हा माझा धंदा.

दोन वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका हॉटेलचे मालक आले. माझी डाळज गावची मावशी त्यांच्याकडेच भाकऱ्या थापायची. मी त्यांच्यापुढे तीन कापडं ठेवली. म्हटलं, "सुती घ्या. दिवसभर अंगात घालायचंय पोरांना."

त्यांनी पॉलिस्टरवर बोट ठेवलं. "ह्येला चमक हाय. फोटोत उठून दिसतंय."

मग यादी दिली. वेटर, काउंटर, पार्किंगवाले, सगळे होते.

"आणि भाकरीवाल्या बायका?" मी विचारलं.

"त्यांना कोण बघतंय, ताई? त्या मागं असत्यात."

ते मनाला लागलं. मावशी वर्षानुवर्षं नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवून चुलीपुढे बसायची. बाह्या विरलेल्या, कॉलर फाटलेली. ऑर्डर पूर्ण झाल्यावर मी पदरच्या सुती कापडाचे दोन टी-शर्ट भरले, एक मावशीला, एक तिच्या जोडीदारणीला. मावशीने छातीवरच्या अक्षरांवरून हात फिरवला. तिला वाचता येत नाही.

"माजं नाव हाय व्हय?"

"हॉटेलचं आहे."

"असू दे. झ्याक हाय," म्हणाली आणि तिथंच साडीवर घालून बसली.

आठवड्याने मालकांचा फोन आला. मला वाटलं, विचारल्याशिवाय नाव भरलं म्हणून ओरडतील. ते तर खूश होते. कुणा गिऱ्हाइकाने टी-शर्टातल्या मावशीचा व्हिडिओ काढला होता आणि तो बराच फिरला होता. "भारी आयडिया काडली तुमी," म्हणाले.

त्यांनी चूल मागून उचलून पुढे गेटाशी मांडली. वर पत्रा नाही, समोर हायवे. गाड्यांतून उतरलेली माणसं मावशीच्या तोंडासमोर मोबाइल धरायची. "आजी, हसा की जरा. अजून एकदा थापा."

मी भेटायला गेले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. धूळ पिठात पडत होती. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि थापायची थांबली नाही.

"मागं आमी दोगी बोलत हुतो, हासत हुतो," ती म्हणाली. "तान लागली तर उठत हुतो. हितं उठलं की मालक म्हंतो, गिऱ्हाईक थांबलंय. तुला कुणी सांगितलं हुतं गं?"

मी मालकांना म्हटलं, निदान वर पत्रा तरी टाका. ते म्हणाले, "मग उजेड कमी पडतो, ताई."

चैत्रात मावशीला उन्हाने चक्कर आली. हात तव्यावर पडला, कोपरापर्यंत भाजला. तिने काम सोडलं. आठ दिवसांत तिच्या जागी तिच्याहून तरणी बाई बसली.

त्यानंतर भिगवणकडचे दोन हॉटेलवाले माझं दुकान शोधत आले. त्यांनाही भाकरीवाल्या बायकांचे तसलेच टी-शर्ट हवे होते. "चूल कुठं मांडणार?" मी विचारलं. दोघांनीही सांगितलं, पुढं, गेटापाशी.

मी मापं लिहून घेतली. मावशीला हे मी अजून सांगितलेलं नाही.