वाचायचा नाही असा निबंध

लिंबायतच्या मराठी शाळेत निबंध शिकवणाऱ्या बाईला किश्श्यांची काय कमी! वह्या तपासायला घेते आणि लाल पेन बाजूला ठेवून हसत बसते.

पहिल्या वर्षी सातवीला ‘माझी आई’ दिला. चाळीस वह्या, चाळीस आया, सगळ्या अंगणात सडा घालणाऱ्या! मी योगेशला विचारलं, “तिसऱ्या मजल्यावर सडा कुठे घालते रे तुझी आई?”

“मॅडम, गाईडमधली घालते. माझी पाणी भरायला खाली पळते.”

झालं! गाईड बंद.

मग म्हटलं, खऱ्या माणसाला खरं पत्र लिहा. भावेशनं महापालिकेला गल्लीतल्या फुटक्या गटाराबद्दल लिहिलं. आणि गटार चक्क दुरुस्त झालं! दुसऱ्या आठवड्यात चार बायका वर्गाच्या दारात. “मॅडम, आमच्या गल्लीचा लाइट पण होमवर्कला द्या ना!”

एकदा सांगितलं, उत्तर माहीत नाही असा प्रश्न घरी विचारा. रोशनीनं लूमवर काम करणाऱ्या वडिलांना विचारलं, “तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?”

वडील आपल्या अहिराणी ढंगात म्हणाले, “लाइट जास ना, ते! मशीन बंद पडतात, मग माणूस काय बोलतो ते ऐकू येतं.”

काजलची वही मात्र वर्षभर कोरी. एके दिवशी तिचे पप्पा आले. “लिहीतच नाही तर शाळा कशाला? सोमवारपासून आईसोबत साड्यांना खडे लावेल.”

पोरगी हुशार होती हो! कुणी वाचेल म्हणून घाबरायची.

शेवटचा उपाय म्हणून वर्गाला म्हटलं, “असं लिहा, जे मी वाचणार नाही. शब्द देते!”

काजलनं चार पानं लिहिली, घडी करून पिन मारून दिली. दोन दिवस मला चैन नाही! पिन काढावीशी शंभरदा वाटली.

सोमवारी मधल्या सुट्टीत पप्पा हजर. मी घडी पुढे केली.

“चार पानं? वाचा बरं.”

“नाही वाचणार. शब्द दिलाय.”

“मग मला कसं कळणार? मला तर वाचता येत नाही.”

काजलनं पिन काढली. “मी वाचते. मॅडम, तुम्ही बाहेर जा.”

माझ्याच वर्गातून मलाच बाहेर! दाराला कान लावला, पण मैदानात पोरांचा हा गोंगाट.

दहा मिनिटांनी पप्पा डोळे पुसत बाहेर आले. “शिकू द्या तिला.”

“शिकवते हो! पण लिहिलंय काय?”

“असं कसं, मॅडम? तुम्ही शब्द दिलाय ना!”