सात मात्रांची वरात अन् आमचा पहिला अल्बम

तिघं जण चार वर्षं एकत्र वाजवत बसले की गाणी कमी अन् किस्से जास्त जमतात. अल्बमबद्दल कुणी विचारलं, तरी आम्ही किस्सेच सांगत बसतो. मी बास गिटार वाजवतो. ड्रम्सवर अमरावतीजवळच्या भातकुलीची प्रज्ञा. सॅक्सोफोन सुनीलभाऊंचा, ते अकोल्यात लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. आमचं संगीत थोडं जॅझ, थोडं प्रोग्रेसिव्ह रॉक, गाण्यांचे शब्द वऱ्हाडी.

*

एका वरातीत सुनीलभाऊंनी आमची सात मात्रांची धून सुरू केली. नाचणाऱ्यांचे पाय अडखळायला लागले. नवरदेवाचे मामा चिडून आले.

"काय वाजवून राहिला बे? पायच पडून नाही राहिला."

"मामा, सात मोजा. आठवं पाऊल टाकूच नका."

मामा अर्धा तास नाचले. बँडमालकाने मात्र सुनीलभाऊंना त्याच दिवशी काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते सॅक्सोफोन घेऊन अमरावतीला आमच्याकडे हजर.

"आता वेळच वेळ हाय. चाला, अल्बम करू."

*

पुण्यात एका निर्मात्याला गाणी ऐकवली. तो म्हणाला, "हे जॅझ की रॉक, ते आधी ठरवा. आणि गाण्यातलं ते 'मले-तुले' काढा."

प्रज्ञाने विचारलं, "तुमाले समजलं ना?"

"समजलं की."

"मंग काहून काढू?"

परतीचं तिकीट आम्ही त्याच दुपारी काढलं.

*

मग अमरावतीतच रेकॉर्डिंगसाठी खोली घेतली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना कापसाच्या गाद्या लावायच्या होत्या. गादीवाले चाचा गाद्या टाकायला आले, दाराशी उभं राहून एक गाणं पूर्ण ऐकलं अन् म्हणाले, "इतकं चांगलं वाजवता, तर कोंडून कायले ठेवता?"

*

अल्बमचा पहिला कार्यक्रम अमरावतीतल्याच एका हॉलमध्ये होता. शेवटचं गाणं चौदा मिनिटांचं. मधेच पाहुणे आले. आयोजकांना लगेच त्यांचा सत्कार उरकायचा होता. आम्ही थांबलो नाही, तेव्हा त्यांनी स्टेजची वीज बंद केली. माझी गिटार मुकी झाली. सॅक्सोफोन अन् ड्रम्सला कुठली वीज लागते? ते दोघं वाजवतच राहिले.

पहिल्या रांगेत प्रज्ञाचे बाबा बसले होते. त्यांचं फुलांचं दुकान आहे. सत्काराचे हार त्यांनीच आणले होते. पोरीच्या संगीताबद्दल ते कधी एक शब्द बोलले नव्हते. आयोजक त्यांच्याकडे वळले.

"काका, हार द्या. अन् पोरीले थांबवा."

बाबांनी हारांची टोपली मांडीवर ओढून घेतली.

"अजून सहा मिनटं बाकी हायेत. बसा."